ग्राफीन रिबनचा प्लाझ्मॉन पीक दिसतच नाहीये, कुणी मदत करेल का?

कोपरी_ईस्ट: एमएस्सी फिजिक्स, लास्ट इयर, कॉलेज ठाण्यातच. प्रोजेक्ट असा की ग्राफीनच्या (एका अणूइतका जाड कार्बनचा थर) नॅनोरिबनवर, म्हणजे अगदी अरुंद पट्ट्यांवर, गेट व्होल्टेज लावून त्यातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त करायचे आणि प्लाझ्मॉन (लाइटमुळे इलेक्ट्रॉनची एकत्र उठणारी लाट) वापरून लाइट कंट्रोल करायचा. कॉमसॉल या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये ५० नॅनोमीटर रुंदीच्या रिबन काढल्या, ५०० ते ८०० नॅनोमीटर वेव्हलेंग्थ स्वीप केली, फर्मी लेव्हल (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेत ती एनर्जी) ०.२ वरून ०.४ ईव्हीवर (इलेक्ट्रॉन-व्होल्ट) नेली तरी ग्राफ ढिम्म हलत नाही, जेमतेम एक-दोन टक्के अ‍ॅब्सॉर्प्शन. रिव्ह्यू पुढच्या आठवड्यात आहे, सर सोलून काढतील.

ऐरोली_लोकल: अरे व्हिजिबलमध्ये कसा दिसेल! तिथे फोटॉनच दीड ईव्हीच्या वर, आणि गेट लावून अ‍ॅब्सॉर्प्शन अडणार ते फक्त २ × फर्मी लेव्हल म्हणजे ०.८ ईव्हीच्या खालच्या फोटॉनचं. तुला दिसतंय ते ग्राफीनचं नेहमीचं २.३ टक्के अ‍ॅब्सॉर्प्शन, तेही रिबनमधल्या गॅपमुळे कमी झालेलं. प्लाझ्मॉन मिड-इन्फ्रारेडमध्ये शोध. ५० नॅनोमीटरला ०.२ ईव्हीवर साधारण १० मायक्रॉन, ०.४ वर ७ च्या आसपास. २०१२ ला अमेरिकेतल्या बासोव्हच्या ग्रुपने आणि स्पेनमधल्या कोपेन्स-हिलेनब्रांड वगैरेंनी नेचरमध्ये हेच दाखवलं, ११ मायक्रॉनच्या आसपासचा लाइट टाकला आणि ग्राफीनवरची लाट निघाली फक्त २०० नॅनोमीटरची. मला तर सगळी मजा या आक्रसण्यातच वाटते, ट्यूनिंग नंतर.

घणसोलीची_ताई: शिवाय पोलरायझेशन बघ, फील्ड रिबनच्या रुंदीच्या दिशेने हवं, लांबीच्या दिशेने ठेवलंस तर जन्मात पीक येणार नाही. ग्राफीनला जाडी देऊ नकोस, सरफेस करंट म्हणून घाल, नाहीतर मेशिंगमध्ये (मॉडेलचे बारीक तुकडे पाडताना) लॅपटॉप झोपतो. आणि रिलॅक्सेशन टाइम (इलेक्ट्रॉनच्या दोन धडकांमधला वेळ) १ पिकोसेकंद टाकून सुईसारखे पीक काढतात लोक, ते बघून चीड येते, मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज पळतात ते) १००० cm²/Vs असेल तर ०.४ ईव्हीला ४० फेम्टोसेकंदच येतो. खाली सिलिकॉन ऑक्साइड असेल तर त्याचा स्वतःचा फोनॉन (अणूंचं कंपन) ९ मायक्रॉनजवळ बसलाय, तिथे पीक दुभंगेल, घाबरू नकोस.

माजिवडा_फ्लायओव्हर: म्हणजे घोडबंदरच्या आमच्या वेस्ट फेसिंग खिडकीला याचा उपयोग शून्य? 😀

ऐरोली_लोकल: दादा, उन्हाला नाही. पण १० मायक्रॉन म्हणजे अंगातून, भिंतीतून जी उष्णता बाहेर पडते तीच रेंज, तिच्यावर कंट्रोल मिळू शकतो. खिडकीला तूर्तास पडदा लावा.

कोपरी_ईस्ट: थँक्यू ताई, दादा, ५ ते १५ मायक्रॉन रन लावलाय. सर म्हणतात पुढे पवईला आयआयटीच्या नॅनोफॅबमध्ये डिव्हाइस करता येईल. गेटला १० व्होल्टमध्ये भागेल का?

घणसोलीची_ताई: गेट आणि ग्राफीनच्या मधल्या ३०० नॅनोमीटर सिलिकॉन ऑक्साइडवर? नाही रे. एका व्होल्टला सेंटीमीटर स्क्वेअरमागे ७ × १०^१० कॅरिअर (इलेक्ट्रॉन), १०० व्होल्ट दिलेस तरी फर्मी लेव्हल ०.३ च्या आसपास. त्यात फर्मी लेव्हल व्होल्टेजच्या वर्गमुळाने वाढते आणि प्लाझ्मॉनची फ्रिक्वेन्सी पुन्हा तिच्या वर्गमुळाने, म्हणजे फ्रिक्वेन्सी दुप्पट करायला व्होल्टेज सोळापट. म्हणून लोक ऑक्साइडऐवजी आयन जेल (आयन असलेला जेलीसारखा थर) वापरतात, दोन-तीन व्होल्टमध्ये काम होतं, फक्त तो स्लो असतो आणि इन्फ्रारेडमध्ये स्वतःही थोडा लाइट खातो. आणि रीडिंग जुलैत घेऊ नकोस, उघड्या ग्राफीनवर पाणी बसलं की गेट स्वीप जाताना एक कर्व्ह देतो, येताना दुसरा.