मदत हवी आहे: मांजरीच्या वारंवार होणाऱ्या उलट्यांबाबत

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबाग भागात राहतो. आमची मनी ११ वर्षांची असून गेल्या ३ आठवड्यांत तिने ७ वेळा उलटी केली आहे. पहिल्या दोन वेळी बोटाएवढी, केसांची ओली वळकटी पडली. अंग चाटताना पोटात गेलेले केसच बाहेर येत आहेत, असे समजून आम्ही दुर्लक्ष केले. आता मात्र पहाटे उपाशीपोटी पिवळसर फेस पडतो आणि त्याआधी तिचे पोट भात्यासारखे आत-बाहेर होताना दिसते, म्हणजे घाईने गिळलेले अन्न तसेच परत येण्याचा हा प्रकार नसावा.

पाणी ती पूर्वीपेक्षा जास्त पिते. वजन ४ किलोवरून ३ किलो ६०० ग्रॅमवर आले आहे आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते. शेजारच्या काकूंनी माणसांची तापाची गोळी पाव करून द्यायला सुचवले होते. पॅरासिटामॉल मांजरांना जीवघेणे ठरते, हे ठाऊक असल्याने मी तो विषय तिथेच थांबवला. दोन-तीन दिवस उपाशी ठेवण्याचा सल्लाही पाळला नाही, कारण तेवढ्याने मांजराच्या यकृतात चरबी साठू शकते.

उद्या पशुवैद्यांकडे जाणार आहोत. मूत्रपिंड आणि थायरॉइडसाठी रक्ततपासणी सांगितली आहे. परंतु घरात शिवणकाम चालते, तिने दोरा गिळला असल्यास तो रक्तात दिसणार नाही, म्हणून सोनोग्राफीचाही आग्रह धरावा का? सांगली-मिरजेत मांजरांची सोनोग्राफी कोठे होते, हे अनुभवी सदस्यांनी कृपया कळवावे.