श्रद्धा, टीका आणि भावना दुखावणे : सीमाभागातले तुमचे अनुभव

डिसेंबर 2025 मध्ये आपल्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाचं द्वेषभाषणविरोधी विधेयक मंजूर झालं. धर्म-जातीबरोबर भाषेवरून पसरवलेला द्वेषही त्यात धरलाय, म्हणून आपल्याकडे चर्चा जास्त. पण केंद्राचा कायदा आधीपासून आहेच. जुन्या दंड संहितेतली कलमं 153अ (गटागटांत द्वेष पसरवणं) आणि 295अ (धार्मिक भावनांचा अपमान). 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत तीच अनुक्रमे 196 आणि 299. बोलताना, लिहिताना, देखावा करताना तुमचा याच्याशी संबंध आला असेल तर सांगा. स्वतःवर बेतलेलंच लिहा, आणि कुणाचं नाव घेऊ नका.

खानापूर, निवृत्त शिक्षिका
महिला मंडळांत मी भानामती, करणी, अंगात येणं यांवर बोलते. 2015 च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात विवेकवादी विचारवंत गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या, ऑगस्टमध्ये धारवाडला तसेच विचारवंत एम. एम. कलबुर्गींना मारलं. आपण या दोन शहरांच्या मधे राहतो. घरच्यांनी गळ घातली, आता पुरे. मी थांबले नाही. जिच्या अंगात येतं तिला मी कधी ढोंगी म्हटलं नाही. तिच्या नावावर पैसे उकळणाऱ्यांना म्हणते. एकाने भावना दुखावल्याची तक्रार दिली. पोलिसांनी बोलावलं, तासन्‌तास बसवलं. वकिलांनी समजावलं की 299 ला बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान लागतो, नुसती टीका पुरत नाही. सुप्रीम कोर्टाने 1957 मध्येच हे स्पष्ट केलंय. गुन्हा नोंदला गेला नाही. पण मंडळांची बोलावणी कमी झाली, ती झालीच. संतांनी नवस-सायासांवर कोरडे ओढले ते याच मातीत ना?

शहापूर, बेळगाव
शिवजयंतीच्या चित्ररथाचे संवाद मी लिहितो. मिरवणुकीआधी शांतता समितीच्या बैठकीत त्यातल्या एका वाक्यावर आक्षेप आला. पोरं भडकली. मी ते वाक्य काढलं. प्रसंगाला त्याची गरज नव्हती, पलीकडच्या गल्लीला ऐकवायलाच ते घातलं होतं. अख्खा प्रसंग गाळायची सूचनाही आली. ती मात्र मानली नाही. इतिहास दाखवायचा हक्क सोडायचा नाही.

निपाणी
मी मराठी बोलणारा मुसलमान. आमच्या दुकानांतून काही घेऊ नका, असा व्हिडिओ गावभर फिरला. मी रीतसर तक्रार दिली. 196 खाली खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, असं पोलीस म्हणाले, तेव्हापासून कागद वरच आहे. व्हिडिओ करणारा रोज दुकानासमोरून जातो. माझ्या धर्मावर कुणी प्रश्न विचारला तर मी उत्तर देईन. पोटावर पाय आणणाऱ्याला काय उत्तर देऊ?

चिकोडी, वकील
निपाणीकर भाऊ, तक्रारीची पोच आणि मूळ व्हिडिओ जपून ठेवा. मंजुरीचा प्रस्ताव कुठे अडलाय ते माहिती अधिकारात विचारा, अर्ज मी लिहून देतो. नव्या विधेयकाबद्दल माझी धास्ती वेगळी आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि गुन्हा अजामीनपात्र. हेतू दुष्ट होता का, हे कोर्ट नंतर ठरवणार. तोवर आत कोण बसेल? खानापूरच्या बाईंसारखी माणसं आधी. बाई, पुढच्या वेळी ठाण्यात एकट्या जाऊ नका, मला कळवा.