२०१६ चा टारझन, यातलं खरं किती?

रानवाट:
काल मुलाबरोबर ‘द लेजंड ऑफ टारझन’ पाहिला, अलेक्झांडर स्कार्सगार्डवाला. मला वाटलेलं वेली, माकडं, आरोळी, मजा येईल. पण हा टारझन लंडनमध्ये लॉर्ड होऊन बसलाय आणि काँगोत परत जातो तर तिथे बेल्जियमच्या राजाची माणसं लोकांना साखळ्या घालून नेतायत. मुलगा आठवीत आहे, झोपताना विचारतो, बाबा हे खरंच झालं होतं का? मला नीट सांगताच आलं नाही. कोणाला माहितीये का?

जुनी वही:
झालं होतं हो, आणि पिक्चरपेक्षा कितीतरी भयानक. १८८५ ते १९०८ काँगो बेल्जियम देशाचा नव्हता, राजा लिओपोल्ड दुसरा याच्या एकट्याच्या मालकीचा होता आणि तो तिथे कधी गेलाही नाही. टायरसाठी रबराला भाव आला तसा गावागावावर कोटा बसवला, बायकांना ओलीस ठेवायचे आणि पुरुषांना जंगलात रबराच्या वेलींचा चीक काढायला पाठवायचे. शिपायाने काडतूस वाया घालवलं नाही याचा पुरावा म्हणून मेलेल्याचा हात कापून आणायला लावायचे, जिवंत माणसांचेही कापले. व्हिलन लेऑन रोमसुद्धा खरा माणूस, त्याच्या घरापुढच्या फुलांच्या वाफ्याभोवती माणसांची मुंडकी होती. पिक्चरमध्ये त्याला शिक्षा मिळते, खरा रोम १९२४ पर्यंत जगला.

टेकडीवरून:
सॅम्युएल जॅक्सनने केलेला जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्सपण खराच. चौदाव्या वर्षी अमेरिकेच्या यादवी युद्धात भरती झाला, तिथल्या काळ्या लोकांचा इतिहास लिहिला आणि १८९० मध्ये काँगो स्वतः बघून थेट राजालाच जाहीर पत्र लिहिलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलला वारला, वय ४१. अशा माणसाला टारझनचा जोडीदार करून टाकलंय याचं मला फार वाईट वाटतं, पिक्चर त्याचा हवा होता.

पारावरून:
वाईट मलाही वाटलं पण सगळा दोष या पिक्चरला देऊ नका. टारझनचा लेखक बरोज याच्या १९१२ च्या मूळ कथेतच म्बोंगा या आफ्रिकी टोळीप्रमुखाचे लोक लिओपोल्डच्या अधिकाऱ्यांच्या छळामुळे काँगोतून पळून आलेले आहेत, फक्त तोच लेखक पुढे त्यांना नरभक्षक करून टाकतो. डिस्नेच्या १९९९ च्या कार्टूनमध्ये तर आफ्रिकेतला एकही माणूस दिसत नाही. यांनी निदान ते रबर, त्या साखळ्या परत गोष्टीत आणल्या, म्हणून तर तुमच्या मुलाला प्रश्न पडला.

रानवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. सकाळी त्याला विल्यम्सबद्दल सांगितलं तर लगेच म्हणाला, मग राजाने उत्तर काय दिलं?

जुनी वही:
उत्तर कसलं, उलट बेल्जियममधल्या पेपरांतून विल्यम्सचीच बदनामी झाली. पुढे १९०४ मध्ये काँगोतला ब्रिटिश वकील (कॉन्सुल) रॉजर केसमेंट याचा तिथल्या अत्याचारांवरचा रिपोर्ट आला तेव्हा कुठे ब्रिटन-अमेरिकेत आवाज उठला, आणि १९०८ ला राजाला काँगो सोडावं लागलं. पत्रानंतर १८ वर्षांनी. तेही सांगा त्याला.