सेकंडहँड पिकअप सुरूच होत नाही : तुमचे अनुभव लिहा

घाटवळण :
मंडळी, आपल्यात जुनी पिकअप घेणारे बरेच आहेत, कुणी भाजीच्या भाड्याला, कुणी डेअरीला, कुणी नुसती शेतावर खत-बियाणं न्यायला. जुनी गाडी घेतली की एक ना एक सकाळ अशी येतेच, किल्ली फिरवली आणि काहीच नाही. मग मेस्त्री येतो, बॅटरी बदला म्हणतो, मग सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) उतरवा, मग डिझेलचा पंप खोला, आणि शेवटी कारण निघतं एखाद्या फालतू वायरीचं. म्हणून हा धागा. लिहिताना सेल्फ फिरत होता का, आवाज कसला, सायलेन्सरमधून धूर येत होता का आणि खरं कारण काय निघालं एवढं नक्की सांगा. गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची की कॉमन रेलची (म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकुमाने डिझेल सोडणारी) तेही लिहा, दोन्हीची दुखणी वेगळी. कंपनीचं नि गॅरेजचं नाव टाकू नका, उगाच धागा भांडणात जातो.

टोमॅटोवाला :
आमची गाडी नारायणगावच्या मार्केटला चालते. ऐन सीझनला कॅरेट भरलेली आणि सेल्फ मारला की नुसतं 'कट'. एकदाच कट, पुढं काही नाही. सगळे म्हणाले बॅटरी गेली. बॅटरी नवी टाकली, थोडे दिवस बरी चालली, परत तेच. मग सेल्फ उतरवला, कार्बन बदलले, बुश बदलले, बिल झालं, गाडी होती तिथंच. शेवटी एक म्हातारा वायरमन आला, त्याने पहिला प्रश्न विचारला की सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतात का? नाही होत, लख्ख असतात. मग बॅटरीला का मारताय म्हणाला. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या ब्लॉकवर, आणि मला म्हणाला मार सेल्फ. तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला पाहिजे, आमच्याकडे दोनच्या वर दाखवत होतं. म्हणजे करंट सेल्फपर्यंत जातोय पण परत यायला त्याला धड रस्ता नाही. गिअरबॉक्सपासून चासीला जी जाळीची अर्थ पट्टी असते ती आधीच्या मालकाने क्लच प्लेटचं काम करताना काढली असणार आणि परत लावलीच नाही. ॲक्सिलरेटरची केबल अधूनमधून गरम का लागते हे कोडंही तेव्हाच सुटलं, बिचारीतूनच करंट परतत होता!

मीटर नसेल तर जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनला लावून सेल्फ मारा. दणक्यात फिरला तर अर्थिंगचीच खोट समजा.

देवगडी :
माझी मासळीची गाडी. बर्फाचं पाणी, खारं पाणी सगळं हौद्यातून खाली गळत असतं, वरून किनाऱ्याची हवा. आमच्याकडे अर्ध्या तक्रारी गंजाच्याच हो. टर्मिनलवर हिरवा-पांढरा थर आला की गरम पाण्यात खायचा सोडा टाकून धुवायचं, पुसून घट्ट करायचं, वर व्हॅसलिन. पण एकदा टर्मिनल स्वच्छ असून कट आवाजसुद्धा येईना. फ्यूज बॉक्स उघडला तर सेल्फच्या रिलेचे (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) पाय हिरवेगार. शेजारी हॉर्नचा रिले त्याच साइजचा आणि त्याच नंबरचा होता, तो काढून तिकडे बसवला, गाडी चालू. हॉर्न गेला पण लिलावाला पोचलो.

मिरजेचा :
आमचं दुखणं निराळं. मेकॅनिकल पंपाची गाडी, सेल्फ मस्त फिरतोय, रात्री बंद केली की सकाळी लई वेळ सेल्फ खायची आणि मग भकभक करत सुरू व्हायची. दिवसभर मग काही नाही. गंमत म्हणजे तोंड उताराकडं करून लावली की सकाळी पटकन सुरू, चढाकडं तोंड असलं की संपलंच. त्यावरनंच आमच्या मेस्त्रीनं ओळखलं की हवा धरतीय. डिझेल रात्रीत टाकीकडं परत जात होतं आणि कुठून तरी लाईनीत हवा शिरत होती. बाहेर डिझेल गळत नाही म्हणून लोक फसतात, पण टाकी ते पंप ही लाईन ओढून घेणारी, तिथं भोक असलं तर डिझेल बाहेर येण्याआधी हवा आत जाते. त्यानं फिल्टर आणि पंपाच्या मधी पारदर्शक नळी टाकली, बुडबुडे सोडा बाटलीगत पळताना दिसले. निघालं काय, तर आधीच्यानं कुठली तरी साधी रबरी पाईप टाकून वर बायंडिंग तार आवळलेली. डिझेलची पाईप आणि चांगले क्लिप टाकले, फिल्टरवरचा हँडपंप कडक होईस्तोवर मारून एअर काढली, त्यानंतर तक्रार नाही. लोक मला पंपवाल्याकडं पाठवत होते राव, तिकडं गेलो असतो तर खिसा रिकामा.

घाटवळण :
मिरजेचा, चढ-उताराचं निरीक्षण एक नंबर. अजून येऊ द्या.

वऱ्हाडी_गिअर :
आता माझी ऐका, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. गाडी कॉमन रेलची, एका ट्रान्सपोर्टवाल्याकडून घेतली, कागद क्लिअर, चालायला फर्स्ट क्लास. मग मधातच कधी सेल्फ लागायचा, कधी नाही. भर उन्हात पेट्रोल पंपावर बंद केली की हमखास नाही, अर्ध्या तासानं आपोआप लागते. बॅटरी पाहिली तर बारा पॉइंट सहा, म्हणजे फुल्ल. सेल्फ डायरेक्ट देऊन पाहिला तर फिरते. किल्लीपासून सेल्फपर्यंत करंटच येत नाही. इग्निशन स्विच बदलला, क्लचचा स्विच बदलला, काही फरक नाही. मग एका पोराने स्टिअरिंगखालचं कव्हर काढलं अन् आत पाहून हसाले लागला. काळ्या टेपात गुंडाळलेली एक डबी, तिच्यातून निघून एक रिले थेट सेल्फच्या वायरीत कापून जोडलेला. जीपीएस! जुन्या मालकाने आपल्या गाड्यांना ट्रॅकर लावले होते, ड्रायव्हर गाडी घेऊन पळाला तर मोबाईलवरून गाडी चालू होणं बंद करता यावं म्हणून. विकताना डबी काढायची राहून गेली, सिम कधीच बंद पडलेलं, आणि रिलेचा जोड उन्हात तापला की सुटत होता. रिले काढून वायर जशी होती तशी जोडली, खेळ खतम.

म्हणून सांगतो बाप्पा, भाड्याच्या धंद्यातून आलेली गाडी घेतली की डॅशबोर्डखाली कंपनीच्या टेपशिवाय दुसरी कुठलीही टेप दिसली तर ती पहिले सोडून पाहा. म्युझिक सिस्टीम, हौद्यातले एलईडी, रिव्हर्सचं गाणं, सगळं तिथंच कुठंतरी चोरून जोडलेलं असते.

प्रेअरीवरचा :
मी कॅनडात अल्बर्टात असतो, इथे सेकंडहँड पिकअप म्हणजे घरटी एक. इथलं कारण बहुतेक वेळा थंडी. उणे वीसच्या खाली बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि ऑइल घट्ट होतं, म्हणजे मागणी वाढते आणि पुरवठा घटतो. गाडीच्या जाळीतून एक प्लगची वायर लोंबत असते ती ब्लॉक हीटरची (इंजिन गरम ठेवणारा), रात्री घराच्या सॉकेटला लावायची. भारतातून आलेले पाहुणे विचारतात, इलेक्ट्रिक गाडी का? जुनी गाडी घेताना ही वायर फिरवून बघावी, बऱ्याचदा आतला हीटर जळलेला असतो आणि वायर नुसती शोभेची.

सातारकर_२ :
कॉमन रेलवाल्यांसाठी छोटी टिप. गरम झाल्यावर बंद केली की सुरू होत नाही, गार झाली की होते, सेल्फ नीट फिरतो. अशा वेळी सेल्फ मारताना आरपीएमचा काटा बघा. थोडा तरी हलायला पाहिजे. मेल्यासारखा शून्यावर पडून असेल तर क्रँक सेन्सरवर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) पहिला संशय घ्या. माझा तोच निघाला. काही गाड्यांत काटा तसाही हलत नाही, तेव्हा स्कॅनर लावून खात्री केलेली बरी.

निवृत्त_वायरमन :
सगळे अनुभव वाचले, चांगले आहेत. थोडं माझंही. आयुष्य यातच गेलं.

स्क्रूड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करायची सवय पोरांना फार. गाडी गिअरमध्ये असली तर ती तुमच्या अंगावर येते, मी बघितलंय. न्यूट्रल, हँडब्रेक, चाकाला दगड, मगच. दुसरं, तो स्टार्टिंगचा स्प्रे. हीटर प्लगवाल्या (सुरू करताना इंजिन आतून तापवणारे प्लग) डिझेलला तो एअर फिल्टरमध्ये मारू नका, प्लग लालभडक असताना आत भडका उडतो आणि पिस्टन फुटायची वेळ येते. जंपर लावताना लालला लाल, काळं मात्र शेवटी आणि ते बंद गाडीच्या इंजिनवर, बॅटरीपासून लांब, कारण ठिणगी तिथं उडते आणि बॅटरीतून गॅस येत असतो. धक्का मारून कॉमन रेल गाडी सुरू होते, पण बॅटरीत कॉम्प्युटर जागा राहण्याएवढा जीव असेल तरच. पार मेलेली असेल तर अख्खं गाव लावलं तरी नाही.

रात्रभरात बॅटरी उतरते म्हणणाऱ्यांनी गाडी बंद करून, किल्ली काढून, अर्ध्या तासाने मायनस सोडावी आणि मध्ये मीटर अँपिअरवर लावावा. पन्नास मिलीअँपिअरच्या आसपास ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज उपसायचा, ज्याला आकडा पडला त्या लाईनीत चोर.

नवा_गडी :
काका इथंच विचारतो, माझी आत्ता बंद पडलीय. मेकॅनिकल पंप. सेल्फ जोरात फिरतोय, डिझेल आहे, फिल्टरमधून एअर काढली. सुरू होत नाही.

निवृत्त_वायरमन :
धूर?

नवा_गडी :
अजिबात नाही.

निवृत्त_वायरमन :
पांढरा धूर असता तर डिझेल आत जातंय पण जळत नाही असं म्हणलो असतो, हीटर प्लग बघायला लावले असते. धूरच नाही म्हणजे डिझेल नोझलपर्यंत (इंजिनात फवारा मारते ती) पोचतच नाही. पंपावर एक वायर गेलेली असेल, स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा खटका). किल्ली नुसती ऑन कर, सेल्फ मारू नको, पंपाजवळ कान लाव. टक् आवाज येतो का?

नवा_गडी :
नाही येत. वायर आहे पण हाताला सैल लागतेय... टोकाला तुटलीय आतून. वरून टेप मारलेली.

वऱ्हाडी_गिअर :
टेप!! मी काय म्हणत होतो!

नवा_गडी :
वायर सोलून जोडली, टक् आला, थोडा सेल्फ खाल्ला आणि सुरू झाली. दूध उतरवायचंय, निघतो.

निवृत्त_वायरमन :
सोलून पिळलेली इंजिनच्या हादऱ्याने पुन्हा सुटेल. दूध उतरवलं की थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबून घे, वीस रुपयाचं काम आहे.