स्किझोफ्रेनियाचा माणूस लवकर जातो हे खरं का? दादाच्या गोळ्या, विड्या आणि शिंप्याची वही

निपाणीचा धाकटा यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो. दादा माझ्यापेक्षा ६ वर्षांनी मोठा, आता ४७ चा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत चांगला कामाला होता. २००१ ला भिंतीतनं आवाज येतात म्हणायला लागला, तवापासनं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या चालू. सध्या ओलान्झापिन आणि हात थरथरू नयेत म्हणून एक.

मागच्या महिन्यात रात्री पायरीवर घामानं निथळत बसला होता. म्हणाला, "छातीवर कुणीतरी पोतं ठेवलंय रे." आता हा माणूस कायबी बोलतो, पंख्यात पोलीस बसलेत म्हणतो, त्यामुळं आधी मीच "झोप जा" म्हटलं. हे लिहिताना लाज वाटते. मग एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथल्या पोरगेल्या डॉक्टरनं फाइल उघडली, आजाराचं नाव वाचलं आणि बंद केली. "ह्या पेशंटला असं होतंय, टेन्शनचं आहे." झोपेचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. ईसीजी नाही, काही नाही. दोन दिवसांनी कोल्हापूरला नेला. ईसीजीत बदल, शुगर २८६, बीपी १६० च्या वर. एक स्टेंट बसला.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, शुगर शेवटची कधी तपासली होती? आमची फाइल चार बोटं जाड आहे. सगळी उलटली, शुगरचा एक कागद नाही. वजनसुद्धा कुठं लिहिलेलं नाही.

पण आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडं सगळं निघालं. दर दिवाळीला दादाची पँट त्याच्याकडंच असते आणि तो जुन्या वह्या टाकत नाही. आजाराच्या आधीची कंबर २८. मग ३१, ३४, ३७. मागच्या दिवाळीला ४२. शिंपी म्हणाला, "मी दरवर्षी दाबाला जास्त कापड सोडतोय, तुमच्या ध्यानात आलं नाही व्हय?"

वाचलंय की असली माणसं १५-२० वर्षं आधीच जातात. खरं आहे का? आणि गोळ्यांनीच जातात का? मग त्या कमी करू काय? दिवसाला दोन बंडलं विडी ओढतो, ते वेगळंच. आई घरी विड्या वळायची. दादा अस्वस्थ झाला की सुपातली एक त्याच्या हातात द्यायची. तेवढं एकच औषध तिला ठाऊक होतं.

---

खानापूरची सिस्टर

भाऊ, खरं आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते २० वर्षांचा फरक सांगते. लोकांना वाटतं आत्महत्येनं. ती भीती असतेच, आजाराच्या सुरवातीच्या वर्षांत जास्त. पण बहुतेक जण जातात ते हृदय, साखर आणि फुप्फुसांनी. म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच, फक्त आधी.

मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, त्यातली ९ मानसिक वॉर्डला. आमचं काय चुकायचं सांगते. नातेवाईक आला की आम्ही विचारायचो, "झोपतोय काय? मारत नाही ना? गोळ्या घेतोय काय?" तिन्हीला हो म्हटलं की पुढचा नंबर. वजनकाटा होता, पण त्याच्यावर रजिस्टरं रचलेली असायची. ती खाली उतरवून कुणाला काट्यावर उभं केलेलं मला तरी क्वचितच आठवतं.

ओलान्झापिनची भूक आपल्या भुकेसारखी नसते. जेवून हात धुतला की परत ताटाकडं बघतात. त्यात तोंड कोरडं पडतं, म्हणून चहा, सोडा, सरबत. घरचे म्हणतात, एवढं खाण्याचं सुख तरी असू दे बिचाऱ्याला.

आणि एक. ह्या आजारात दुखणं कमी जाणवतं किंवा सांगताच येत नाही. पोटात अपेंडिक्स फुटलेला पोरगा आमच्यासमोर शांत बसून होता. तुमच्या दादांनी "पोतं" म्हणून तरी सांगितलं.

सरकारी दवाखान्यात ३० वर्षांवरच्यांची बीपी-शुगर फुकट बघतात. आपल्या कर्नाटकात मनोचैतन्य म्हणून सरकारी योजना आहे, तालुक्याच्या दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी असते. दोन्ही कामं एका खेपेत करा.

---

सरळ बोलतो

इंग्रजी गोळ्यांनीच माणूस फुगतो. बंद करा. देवाचं काहीतरी बघा. आमच्या पाहुण्यातला एकजण असाच बरा झाला.

---

निपाणीचा धाकटा

ते करून झालंय. २०११ ला आईनं एकाच्या सांगण्यावरनं गोळ्या बंद केल्या. दोन महिने दादा एकदम हलका, हसरा, घरात सगळे खूश. तिसऱ्या महिन्यात निघून गेला. ११ दिवसांनी कोगनोळी नाक्याजवळ सापडला, पायात चप्पल नव्हती, पायाच्या जखमा चिघळलेल्या. देवाला आमची ना नाही, सौंदत्तीला दरवर्षी जातो. जाताना गोळ्या खिशात असतात.

---

धारवाड रोड

मी मानसोपचारात शिकतोय, अजून पुरता डॉक्टर नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच पुढं जा.

गोळ्यांनी वजन आणि साखर वाढते, ओलान्झापिन आणि क्लोझापिन (ह्याच आजाराची दुसरी गोळी) ह्यांनी सगळ्यात जास्त. हे आम्ही लपवू नये. पण फिनलंडमध्ये ११ वर्षांच्या नोंदींवरून २००९ ला 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास आला. त्यात दीर्घकाळ औषधं घेणाऱ्यांपेक्षा अजिबात न घेणाऱ्यांत मृत्यू जास्त निघाले. आणि वजनाला इतकी वाईट असलेली क्लोझापिन घेणाऱ्यांत सगळ्यात कमी. त्यावर वादही झाले, पण "गोळ्या सोडल्या की वाचेल" हे गणित जुळत नाही, एवढं नक्की. आजार उसळला की माणूस खात नाही, फिरत राहतो, बीपीची गोळीही फेकून देतो.

करण्यासारखं बरंच आहे. वजनाला हलकं औषध, उदाहरणार्थ अरिपिप्राझोल, चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं. बदल मात्र हळूहळू आणि त्यांच्याच देखरेखीखाली. मेटफॉर्मिन साखरेलाही चालते आणि ह्या औषधांनी वाढलेल्या वजनालाही थोडी लागू पडते. वजन, कंबर, बीपी, साखर आणि कोलेस्टेरॉल औषध सुरू करताना, तीन महिन्यांनी आणि मग वर्षातून एकदा तरी बघायला हवं. आपल्याकडच्या पुरुषांना कंबर ९० सेंटिमीटरच्या आत सांगतात. शिंप्याचे ४२ इंच म्हणजे १०६ च्या वर. शिंप्याला माझा नमस्कार सांगा.

आता विडी. हे नीट वाचा. विडीच्या धुरानं लिव्हर ओलान्झापिन भराभर संपवतं. तंबाखू खाऊन तसं होत नाही, ते काम धुराचं. म्हणजे डॉक्टरांनी डोस ठरवला तो विड्यांसकट. उद्या दादांनी एकदम विडी सोडली तर तोच डोस अंगावर येईल, दिवसभर झोप, तोल जाणं. म्हणून सोडायचीच, पण आधी सांगून. आणि स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. हृदयाच्या डॉक्टरांना मनाच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, आणि तिकडची इकडं.

त्या पहिल्या दवाखान्याबद्दल: २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो, मनाच्या आजाराच्या माणसाला उपचारात दुजाभाव करता येत नाही. पुढच्या वेळी फाइल देण्याआधी म्हणा, "छातीत दुखतंय, ईसीजी काढा." आजाराचं नाव ईसीजीनंतर.

---

वडगावची अक्का

माझी धाकटी बहीण क्लोझापिनवर आहे. रक्त तपासतात, पांढऱ्या पेशींसाठी, ते नियमात आहे म्हणून होतं. पण त्या गोळीनं बद्धकोष्ठ इतकं होतं की आतडं अडून जीवावर बेतू शकतं, हे आम्हाला ती ॲडमिट झाल्यावर कळलं. आता पोट साफ झालं का, ह्याची कॅलेंडरवर रोज टिक करते. पाहुणे विचारतात हे कसलं व्रत. मी म्हणते, आहे एक.

तिला फिरायला चल म्हटलं की येत नाही. कपिलेश्वराला जाऊया म्हटलं की येते. मग मी लांबच्या वाटेनं नेते. आणि घरात कुंदा, आमच्याकडची मिठाई, आणायचा बंद केला, तिच्यासाठी नाही, सगळ्यांसाठी. तिच्या एकटीपुढं ताट राखलं की ते तिला कळतं हो.

रात्री-बेरात्री काही वाटलं तर १४४१६ ला फोन लावा, टेली-मानसचा, सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं. मी दोनदा लावलाय, बहिणीसाठी नाही, माझ्यासाठी.

---

निपाणीचा धाकटा

सगळ्यांचे आभार. तीन महिने झाले म्हणून लिहितोय.

ओलान्झापिन कमी करून दुसरी गोळी सुरू केलीय. मेटफॉर्मिननं पहिले १५ दिवस पोट बिघडलं, आता ठीक. उपाशीपोटी शुगर १३८. वजन ९४ वरनं ९०. विड्या दोन बंडलांवरनं दिवसाला ९-१० वर आल्यात, डॉक्टरांना सांगून. मी वखारीत दिवसभर तंबाखूची पोती मोजतो आणि घरी येऊन दादाच्या विड्या मोजतो, बायको हसते.

आवाज थोडे वाढलेत. पंख्यातले पोलीस परत आलेत, पण दादा म्हणतो ते आता गप्प बसून असतात. डॉक्टर म्हणाले, अजून एक महिना बघू.

परवा त्याला घेऊन शिंप्याकडं गेलो. त्यानं टेप लावला, वही काढली, ४०॥ (साडेचाळीस) लिहिलं. दादानं वही स्वतःकडं ओढून घेतली आणि पानं मागं उलटत गेला, २८ पर्यंत. त्या पानावर खूप वेळ बोट ठेवून उभा होता. मग म्हणाला, "ही पँट कुठं आहे रे?"

आईच्या ट्रंकेत आहे. रविवारी काढणार आहे.