ब्रिन जोन्स: फसलेला सौदा की युद्धाने खाल्लेला खेळाडू?

खेळियाड (धागाकर्ता)

फुटबॉलमधल्या फसलेल्या सौद्यांच्या याद्या निघाल्या की त्यात हे नाव असतंच. ऑगस्ट १९३८ मध्ये लंडनच्या आर्सेनल क्लबने वुल्व्हरहॅम्प्टन (वुल्व्हज) क्लबला १४,००० पौंड मोजून ब्रिन जोन्सला घेतलं. ब्रिटनमधला तोवरचा विक्रमी आकडा. रुपया तेव्हा दीड शिलिंगाला बांधलेला होता, म्हणजे जवळजवळ १ लाख ८७ हजार रुपये! खेळाडू कोण, तर वेल्समधल्या मर्थिर टिडफिलचा, कोळशाच्या खाणीत राबलेला, २६ वर्षांचा इनसाइड फॉरवर्ड (मुख्य आघाडीवीराच्या बाजूने खेळणारा आक्रमक). पुढे आर्सेनलकडून लीगचे (इंग्लंडच्या मुख्य साखळी स्पर्धेचे) सामने ७१, गोल ७. झाला शिक्कामोर्तब: फ्लॉप.

मला हे पटत नाही. १९३९-४० चा हंगाम तीन सामन्यांत गुंडाळला गेला, कारण युद्ध सुरू झालं. लीग परत सुरू झाली १९४६ च्या ऑगस्टमध्ये. मैदान सुटलं तेव्हा जोन्स २७ चा होता, परतला तेव्हा ३४ चा. मधली वर्षं तोफखान्यात, उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत. ऐन भराची सात वर्षं काढून घ्यायची आणि वर गोल किती ते विचारायचं?

हिशेबनीस

भावना पोचल्या. पण युद्धाआधी एक अख्खा हंगाम झाला होता, तो धाग्यातून कुठे गेला? १९३८-३९: सामने ३०, गोल ४. आदल्या वर्षी आर्सेनल विजेते, जोन्स आल्यावर पाचवे. आणि ज्यांनी त्याला विकलं ते वुल्व्हज? लीगमध्ये दुसरे, वर एफए कपच्या अंतिम सामन्यात. हिटलर पोलंडमध्ये घुसला तो यानंतर. सगळी बिलं युद्धाच्या नावावर फाडू नका.

मधल्या_फळीतला

हिशेबनीस, गोल मोजताय ते कोणाचे? जोन्सला आणलं होतं अ‍ॅलेक्स जेम्सच्या जागी. जेम्सचे आर्सेनलकडून लीगमध्ये २३१ सामन्यांत गोल २६. त्याला कोणी फ्लॉप म्हणत नाही, कारण त्याचं काम मागून चेंडू घेऊन पुढच्यांना पोचवायचं होतं. जोन्स वुल्व्हजकडे १६३ सामन्यांत ५२ गोल करणारा माणूस. त्याला मागे ओढून 'आता तू जेम्स हो' म्हणायचं, आणि मग गोल का नाहीत म्हणून गळा काढायचा.

(अवांतर: आमच्या ऑफिसच्या संघात मी पुढे खेळायचो. नव्या कॅप्टनने मधे टाकलं. हंगामात एक गोल, तोही आपल्याच जाळ्यात. तेव्हापासून हे नाव.)

हिशेबनीस

आयडीचा उलगडा झाला :) पण तुमचाच दाखला तुमच्यावर उलटतो. जेम्सही आधीच्या प्रेस्टन क्लबला भरपूर गोल करायचा. आर्सेनलला येऊन त्याने खेळ बदलला. मोठा खेळाडू बदलतो.

खेळियाड

बदलला, पण किती वेळात? पहिल्या हंगामात जेम्सही चाचपडत होता, लोक नावं ठेवत होते. त्याला दुसरा हंगाम मिळाला, तिसरा मिळाला. जोन्सचा दुसरा हंगाम तीन सामन्यांचा, आणि तेही नोंदीतून पुसलेले.

नाट्या_टोला

पुसण्यावरून आठवलं. युद्धकाळात इंग्लंडमध्ये फुटबॉल बंद नव्हता. प्रादेशिक स्पर्धा होत्या, छावणीजवळच्या क्लबकडून 'पाहुणा' म्हणून खेळायची मुभा होती. आर्सेनलचं हायबरी मैदान नागरी संरक्षणाच्या ताब्यात, म्हणून ते चक्क कट्टर प्रतिस्पर्धी टॉटनहॅमच्या मैदानावर खेळत! पण यातलं काहीच लीगच्या खात्यात धरत नाहीत.

आता याच आर्सेनलचा विंगर डेनिस कॉम्प्टन बघा. लष्करी नोकरीत महूला होता. मार्च १९४५, ब्रेबर्न स्टेडियम, रणजीचा अंतिम सामना. होळकर संघासमोर मुंबईचं ८६७ चं आव्हान, आणि कॉम्प्टन नाबाद २४९. मुंबई ३७४ धावांनी जिंकली, पण त्या २४९ धावा प्रथम श्रेणीत कायमच्या जमा. एकाच क्लबचे दोघे, दोघेही गणवेशात. एकाची युद्धातली खेळी वहीत आहे, दुसऱ्याची नाही.

हिशेबनीस

वहीत आहे म्हणून मान मिळतो असं थोडंच? मर्चंट-हजारेंच्या युद्धकाळातल्या धावांना 'पाटा खेळपट्टी, दमलेले गोलंदाज' म्हणून नाक मुरडणारे कमी आहेत का? उद्या जोन्सचे ते सामने धरले, तर समोर कोण होतं हेही विचारावं लागेल. निम्मा संघ पाहुण्यांचा.

नाट्या_टोला

संघाच्या ३८७ धावांपैकी हजारेंचे एकट्याचे ३०९ कोणी पाटा खेळपट्टीवर ढकलले तर मी हा धागा सोडून जाईन. बाकी मुद्दा मान्य.

मधल्या_फळीतला

एक राहिलं. किंमत त्याने ठरवली नव्हती. तेव्हाच्या नियमाने क्लब बदलताना खेळाडूच्या हाती १० पौंड, आणि पगाराची कमाल मर्यादा आठवड्याला ८ पौंड. आकडा त्याच्या पाठीवर चिकटवला दोन क्लबांनी, ओझं वाहिलं त्याने. लोकांच्या नजरेतून सुटावं म्हणून तो राखीव संघात खेळायला गेला, तर तिथेही बघ्यांची झुंबड उडाली असं सांगतात.

हिशेबनीस

बरं, तडजोड. ७१ पैकी ४१ सामने युद्धानंतरचे, त्यात ३ गोल. ते मी सोडले, चौतिशीपुढच्या माणसाकडून कसली वसुली करायची. पण ते पहिले ३० मी सोडणार नाही. १४,००० म्हणजे १४,०००.

मधल्या_फळीतला

त्यातले १० त्याच्याकडून मागा.