यरीहोची भिंत कशाने पडली, विश्वासाने की तेरा फेऱ्यांनी?

भायखळेकर
परवाच्या रविवारी आमच्या मंडळीत बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातल्या यरीहोवर उपदेश झाला. देवाच्या आज्ञेवरून इस्राएली लोकांनी त्या तटबंदीच्या गावाभोवती सहा दिवस रोज एक फेरी घातली, सातव्या दिवशी सात, आणि भिंत पडली. उपासनेनंतर चहा घेताना एक काका म्हणाले, "भिंत विश्वासाने पडली, इब्री ११:३० मध्ये स्पष्ट लिहिलंय. फेऱ्या म्हणजे नुसतं निमित्त." मला ते पटलं नाही. घरी येऊन पुन्हा वाचलं, तरी पटलं नाही.

एकूण तेरा फेऱ्या होतात. बाराव्या फेरीनंतर भिंतीला साधा तडा गेल्याचंही कुठे लिहिलेलं नाही. तेव्हा कंटाळून जो तंबूत परतला असता, त्याच्या मनातल्या विश्वासाचं काय लोणचं घालायचं होतं? पुढच्याच अध्यायात हेच लोक आय नावाच्या लहानशा गावापुढे पळत सुटतात, छत्तीस माणसं मरतात. कारण यरीहोची लूट कुणी घ्यायची नाही अशी आज्ञा असताना त्यांच्यातल्याच आखानाने एक भारी झगा, दोनशे शेकेल चांदी आणि सोन्याची एक वीट तंबूत पुरून ठेवली होती. देव तोच, सैन्य तेच, फक्त आज्ञा मोडली गेली होती.

मी सोसायट्यांची प्लंबिंगची कामं घेतो. बिल पास करणाऱ्याचं पाकीट आमच्या धंद्यात धरूनच चालतात. दहा वर्षं मी ते देत होतो आणि रविवारी पहिल्या बाकावर बसून गीतंही गात होतो. उपवास केले, रात्रभर प्रार्थना केल्या, मनावरचं ओझं तसूभर हललं नाही. पाकीट बंद केलं त्या रात्री गाढ झोपलो. दोन कामं हातची गेली, ती गेलीच. पण पाप करत राहायचं आणि प्रभूकडे विजय मागायचा, हे शौल राजासारखं झालं. सगळं नष्ट करायची आज्ञा असताना लुटीतली चांगली मेंढरं राखून ठेवायची आणि वर म्हणायचं, यज्ञासाठी ठेवलीत! शमुवेल संदेष्ट्याने त्याला तोंडावर सांगितलं, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं.

रात्रपाळी
दादा, आखानाचं नाव ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. का ते सांगते.

माझ्या आईला कॅन्सर होता. शेवटच्या महिन्यात तिला परळच्या घरी आणलं. प्रार्थना करायला बायका यायच्या, त्यांचा आधारही होता. एक दिवस त्यातली एक माझ्यामागून स्वयंपाकघरात आली. मी मोसंबीचा रस गाळत होते. ती म्हणाली, "एवढी प्रार्थना होऊनही गुण येत नाही, म्हणजे घरात कुठेतरी आखान आहे. आईला विचारून बघ, काही लपलेलं असेल." आमचं घर दहा बाय बाराचं. आईने सगळं ऐकलं.

त्यानंतर ती अकरा दिवस जगली, आणि ते अकरा दिवस तिने पापं आठवण्यात घालवले. शेजारणीची एक पितळी वाटी आमच्याकडे राहून गेली होती, तिच्यासाठी ती रडायची. मी नर्स आहे, वेदनेवरचं औषध वेळेवर देत होते. या वेदनेवर माझ्याकडे काही नव्हतं.

तुम्ही इब्रीचा अकरावा अध्याय काढलात, तर पुढेही वाचा. ३३ व्या ओवीत विश्वासाने सिंहांची तोंडं बंद झाली. ३७ व्या ओवीत त्याच विश्वासाची माणसं करवतीने चिरली गेली. लेखक दोघांनाही एकाच पंगतीत बसवतो. मग आज्ञा पाळली म्हणजे जिंकलं, हा हिशोब आला कुठून? योहान ९ मध्ये शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? प्रभू म्हणतो, याच्याही नाही आणि त्यांच्याही नाही.

मनोरीकर
मला लूक ५ आठवतो, कारण आमचा धंदाच तो. पेत्राने रात्रभर जाळं टाकलं, हाती काही लागलं नाही. सकाळी तो जाळी धूत होता. ज्याने जाळं धुतलंय त्यालाच हे कळेल. हात मिठाने चरचरतात, पाठ मोडते, डोळे मिटत असतात. अशा वेळी एक सुतार, म्हणजे येशू, सांगतो, खोल पाण्यात चल, पुन्हा टाक. तेही दिवसाढवळ्या, माशाला जाळं दिसत असताना! आमच्या बाबांना कुणी असं सांगितलं असतं तर त्यांनी त्याला बंदरावरून हाकलला असता.

पेत्राने काय म्हटलं बघा. मासे मिळतील अशी माझी खात्री आहे, असं तो म्हणालाच नाही. तुम्ही सांगता म्हणून टाकतो, एवढंच. हा विश्वास की आज्ञापालन? मला तरी वेगळं काढता येत नाही. आणि नर्सताई, जाळी भरून आल्यावर तो ती होडी किनाऱ्यावर सोडून प्रभूच्या मागे गेला. मासे हाच विजय असता तर तो तिथेच थांबला असता.

जुना वाचक
भायखळेकर, तुम्ही फेऱ्या मोजल्यात, पण यहोशवाच्या सहाव्या अध्यायाची दुसरी ओवी सुटली. पहिलं पाऊल पडण्याआधीच देव म्हणतो, मी यरीहो तुझ्या हाती दिलं आहे. दिलं आहे! फेऱ्या त्यानंतरच्या. म्हणजे त्या किंमत कशा ठरतील? यावरून ख्रिस्ती लोक शतकानुशतकं भांडले. कृतीवाचून विश्वास मेलेला, असं सांगणाऱ्या याकोबाच्या पत्राला धर्मसुधारक लूथरने १५२२ मध्ये गवताचं पत्र म्हटलं होतं. लूथरन आणि कॅथलिक मंडळ्यांनी १९९९ मध्ये आउग्सबुर्गला संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, त्यात मान्य केलं की तारण कृपेने, आणि सत्कृत्यं हे तिचं फळ.

आपल्या मुंबईतलंच बघा. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी इथे बाप्तिस्मा घेतला. आज्ञा पाळली आणि घर तुटलं, लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. त्या दिवशी कोणी विचारलं असतं, टिळक जिंकले की हरले? काय सांगणार होतो आपण? लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, स्वतःच्या मनाला पटल्यावर.

भायखळेकर
दुसरी ओवी मी खरंच नजरेआड केली. किंमत हा शब्द मी वापरला नव्हता, पण माझ्या लिहिण्याचा सूर तसाच होता, हे मान्य.

नर्सताई, तुमच्या आईबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. त्या बाईंनी केलं ते चूकच. आखान कोण, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी अंदाजाने ठरवलं नव्हतं. वंश, कूळ, घराणं असं एकेक पुढे आणून देवाने दाखवलं. दुसऱ्याच्या खाटेपाशी उभं राहून आखान शोधायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. पण माझ्या स्वतःच्या खिशातलं पाकीट मला दिसत होतं. तिथे "मी विश्वास ठेवतो" एवढं म्हणून मी सुटलो नसतो. हे मी सोडणार नाही.

रात्रपाळी
सोडूही नका. पाकीट बंद केलंत ते योग्यच केलंत, आणि ती झोप खरी आहे. फक्त ते तुमच्यापुरतं सांगा, दुसऱ्याच्या दुखण्याला ते माप लावू नका.

आई गेल्यावर मी ती वाटी घासून शेजारणीकडे घेऊन गेले. आता त्या विरारला मुलाकडे असतात. वाटी हातात घेऊन त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अगं, ही परत कशाला आणलीस? तुझ्या बाप्तिस्म्याला मीच दिली होती."